होट्टलहून निलंग्यास

गोदावरीकाठच्या नांदेडास जाणारा यात्रेकरू सहसा तेथूनच माघारी फिरतो. 1708 साली गुरु गोविंदसिंगांनी जेथे देह ठेवला त्या स्थानाचे दर्शन घ्यावे, महाराजा रणजितसिंगांनी बांधविलेला सचखंड गुरुद्वारा पाहावा, नदीवर स्नान करावे आणि रात्रीची गाडी धरावी, असा बहुतेकांचा क्रम. आम्हीही दोनदा तसेच केले होते. नांदेडच्या दक्षिणेस देगलूरपासून पुढे लातूर जिल्ह्यातील निलंग्यापर्यंत आठ-नऊ शतकांपूर्वीची पाषाणमंदिरे उभी आहेत, हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नव्हे. परंतु जे जवळ असते ते पाहावयाचे राहून जाते, त्यातलाच तो प्रकार.

या खेपेस निमित्त घडले ते मात्र दूरदेशचे. आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव वास्तुविद्येचे विद्यार्थी. ते सहा महिने फ्रान्सात राहून आले आणि दिवाळीत साऱ्या घराला माजघरात बसवून त्यांनी तेथली छायाचित्रे दाखविली. पॅरिसचा लोखंडी मनोरा वगैरे नव्हे. बर्गंडी प्रांतातल्या लहान लहान खेड्यांतली बाराव्या शतकातली चर्चे. जाड भिंती, अर्धवर्तुळाकार कमानी, पूर्वेच्या अंगास अर्धगोल गाभारा, वर चौरस घंटाघर. शेतकऱ्यांनी गाड्यांतून दगड वाहिला, गावोगाव फिरणाऱ्या पाथरवटांनी तो घडविला, आणि दोन-तीनशे उंबऱ्यांच्या गावात आजही त्या घंटा वाजतात, असे चिरंजीव रंगून सांगत होते. तोच आमच्या वडील भगिनी, ज्यांना घरात लहानथोर सारे आक्का म्हणतात, हातची जपमाळ थांबवून म्हणाल्या, "सगळे छान आहे रे. पण त्याच वेळी आपल्या मुलुखात काय बांधीत होते, ते पाहिलेस का?"

चिरंजीवांनी पाहिले नव्हते. खरे सांगावयाचे तर आम्हीही पाहिले नव्हते. आणि आक्कांचे सासर तर निलंग्यापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवरचे. मार्गशीर्षात निघावयाचे ठरले.

येथे आक्कांविषयी एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजण्यास काही मिनिटे असताना, किल्लारीच्या परिसरात जो भूकंप झाला त्यात त्यांच्या सासरच्या घरातली तीन माणसे गेली. आदल्या दिवशी अनंतचतुर्दशी. गणपती बोळवून गाव उशिरा निजले होते. आक्का स्वतः उकाड्यामुळे अंगणात अंथरूण टाकून झोपल्या होत्या, म्हणून वाचल्या. त्या एका पहाटेत लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे दगावली आणि पन्नासहून अधिक गावे जमीनदोस्त झाली. तेव्हापासून आक्का दगडी छपराखाली बसत नाहीत. पत्र्याखाली निजतील, मांडवाखाली निजतील. पण जुन्या देवळात गेल्या तरी बाहेरूनच हात जोडतात. कोणी आग्रह करीत नाही. प्रवासाचा बेत ठरला तेव्हा त्याही येतो म्हणाल्या, याचेच आम्हांस नवल वाटले.

नांदेडहून नायगाव, नरसीवरून देगलुरास भाड्याची मोटार तीन तासांच्या आत पोचते. रस्त्याच्या दोहों बाजूंस तूर फुलली होती आणि ज्वारी पोटरीस आली होती. देगलूर हे तीन भाषांच्या शिवेवरचे गाव. लेंडी नदीकाठच्या या बाजारात मराठी, तेलुगू आणि कानडी अशा तिन्ही भाषांत भाव होतो; आमच्या चालकाने तर एका चहाच्या टपरीवर तिन्ही बोलून दाखविल्या. तेथून होट्टल जवळच आहे. नाव ऐकून बरोबरची मुले हसू लागली, कारण त्यांस ते 'हॉटेल' वाटले. पण या नावात एक सुंदर इतिहास दडला आहे. गावाचे जुने नाव पोट्टल असे सांगतात. जुन्या कानडीत शब्दारंभी असणारा 'प' पुढे 'ह' झाला. दुधाला तिकडे पूर्वी 'पाल्' म्हणत, आता 'हालु' म्हणतात. त्याच न्यायाने पोट्टलचे होट्टल. चालुक्यांच्या लेखांत पोट्टळकेरे नावाचे एक राजस्थान येते; त्याचा संबंध काही जण या गावाशी जोडतात, परंतु बहुतेक अभ्यासक ते हैदराबादेजवळचे पाटणचेरू मानतात. गावकऱ्यांस ते पटत नाही. आपले गाव राजधानी होते असे कोणास वाटू नये?

राजधानी असो वा नसो, हा मुलुख कल्याणीच्या चालुक्यांचा होता यात संशय नाही. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. तेथे सहावा विक्रमादित्य 1076 पासून 1126 पर्यंत, म्हणजे अर्धे शतक, राज्य करीत होता. त्याने गादीवर बसताच शक बाजूस सारून स्वतःच्या नावाचा नवा संवत् चालू केला. त्याच्या पदरी काश्मीरहून आलेला बिल्हण कवी होता. आणि आमच्यासारख्या घरांना त्याहून अधिक जवळचा असा एक पुरुष होता, विज्ञानेश्वर. याज्ञवल्क्यस्मृतीवरची 'मिताक्षरा' टीका त्याने या कल्याणीत लिहिली. पुत्राचा वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क, सामाईक घर, वाटणीचे नियम, ज्या गोष्टींवरून आपल्या वाड्यावाड्यांत पिढ्यान् पिढ्या कज्जे चालले आणि ज्यांच्या जोरावर एकत्र कुटुंबे उभीही राहिली, त्यांचे मूळ होट्टलची देवळे बांधली जात होती त्याच काळात आणि त्याच राज्यात लिहिले गेले. हे ऐकून आमच्या बंधूंनी मोटारीतूनच दक्षिणेकडे हात जोडले. त्यांचा एक दावा अद्याप निकालात निघावयाचा आहे.

होट्टलच्या देवळांत सिद्धेश्वराचे मुख्य. आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलते होते आणि काळ्या दगडावर तांबूस झाक आली होती. प्रथम नजरेस भरतो तो भिंतींचा कोनाकोनांनी पुढे-मागे होणारा बांधा. सपाट भिंत अशी मोठी कोठे नाहीच. एक कोन पुढे येतो, दुसरा मागे सरतो. पुढच्यावर ऊन, मागच्यात सावली. आणि त्या प्रत्येक पुढे आलेल्या भागावर एकेक मूर्ती. सुरसुंदरी म्हणतात त्या याच. कोणी आरशात पाहते आहे, कोणी नृत्याच्या पवित्र्यात आहे. देवाच्या घराबाहेर या स्त्रिया कशासाठी, असा प्रश्न बरोबरच्या एका सूनबाईंनी केला. शिल्पशास्त्राच्या ग्रंथांत त्या देवळाच्या जंघेवर असाव्यात असेच सांगितले आहे; स्त्रीवाचून घर जसे ओके तसा प्रासादही, ही त्यातली भावना. आक्कांचे उत्तर याहून सोपे होते. "देव आत बसला आहे," त्या म्हणाल्या, "बाहेर संसार चालू आहे."

गावात देवळे अनेक, त्यांतली काही पुष्कळ मोडकळीस आलेली. अलीकडच्या वर्षांत राज्याच्या पुरातत्त्व खात्याने येथे जीर्णोद्धाराचे काम केले आणि निखळलेले दगड पुन्हा जागच्या जागी बसविले. हे काम किती चिकाटीचे असते ते चिरंजीवांनी समजावून दिले. पडलेल्या प्रत्येक दगडास क्रमांक द्यावयाचा, त्याचे माप घ्यावयाचे, खाच कोणत्या बाजूस आणि कुसू कोणत्या बाजूस ते टिपावयाचे, मग त्याचा शेजारी शोधावयाचा. मुलांच्या चित्रतुकड्यांच्या खेळासारखेच, फक्त येथे एकेक तुकडा उचलावयास कप्पी लागते. फ्रान्सात अशी कामे शासनाने अंगावर घेतल्यास आता दोनशे वर्षे होत आली. कादंबरीकार प्रॉस्पर मेरिमे 1834 मध्ये तेथे ऐतिहासिक वास्तूंचा महानिरीक्षक झाला आणि ढासळू लागलेले वेझलेचे चर्च त्याच्या खटपटीने वाचले. आपल्याकडे हा भाग निजामाच्या राज्यात. हैदराबाद संस्थानाचे पुरातत्त्व खाते गुलाम यझदानी यांच्या हाताखाली 1914 साली सुरू झाले. तोवर या गावांकडे पाहण्यास कोणी नव्हते, आणि पुढेही अजिंठा-वेरूळ सांभाळता सांभाळता खेड्यांतल्या देवळांपर्यंत हात पोचणे कठीणच होते. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात आले. नांदेड जिल्ह्यातले शिलालेख गोळा होऊन त्यांचे पुस्तक निघावयास 1968 उजाडले. त्या लेखांतले पुष्कळसे कानडीत आहेत, आणि यात संकोचण्यासारखे काही नाही. त्या काळी येथला राजा कानडी बोलत होता, पंडित संस्कृत लिहीत होता आणि शेतकरी जे बोलत होता त्यातून आपली मराठी घडत होती.

'हेमाडपंती' या शब्दाविषयीही येथेच बोलून घेतो, कारण होट्टलच्या पारावर एका सद्गृहस्थांनी आम्हांस ही सारी देवळे हेमाडपंतांनी बांधली असे निक्षून सांगितले. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादवांचा श्रीकरणाधिप. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. होट्टलची देवळे त्याच्या जन्मापूर्वीची, अंबरनाथचे तर शके 982 चे, म्हणजे दोन शतके आधीचे. चुन्यावाचून रचलेले प्रत्येक काळे देऊळ आपण हेमाडपंतांच्या नावे मांडून मोकळे होतो. मोठ्या माणसाच्या खाती सगळे जमा करण्याची ही आपली जुनी खोड. त्या गृहस्थांस आम्ही हे सांगितले नाही. त्यांनी आम्हांस ताक पाजले होते.

रात्र देगलुरास काढून सकाळी उदगिरावरून निलंग्याची वाट धरली. उदगिरात 1760 साली सदाशिवराव भाऊंनी निजामास नमविले. तो किल्ला मुलांना दाखवावा असे मनात होते, पण वेळ नव्हता. वाटेतल्या एका खेड्यात मात्र थांबलो आणि थांबलो नसतो तर बरे झाले असते. तेथल्या जुन्या शिवालयाच्या व्यवस्थापकांनी भक्तिभावाने आतबाहेर तैलरंग फासला होता. द्वारपालांना गुलाबी अंग, काळ्या मिशा, हिरवी धोतरे. भिंतीस न्हाणीघरात लावतात त्या चकचकीत फरशा. दगडाचा श्वास कोंडला की आतले पाणी बाहेर पडत नाही आणि पापुद्रे सुटू लागतात. ते सुटूही लागले होते. हेतू वाईट नव्हता, हेच त्यातले मोठे दुःख. गावाचे नाव आम्ही लिहीत नाही.

निलंग्याचे नीलकंठेश्वराचे मंदिर बाराव्या-तेराव्या शतकातले. तलविन्यास ताऱ्यासारखा, बांधणी काळ्या पाषाणाची, आणि विशेष असा की एकाच सभामंडपाला तीन गाभारे. याला त्रिकूट प्रासाद म्हणतात. एकात नीलकंठेश्वराचे लिंग, दुसऱ्यात विष्णू, तिसऱ्यात हरगौरी: शंकराच्या मांडीवर पार्वती बसलेली, असे ते रूप. मंडपात मध्यभागी उभे राहिले म्हणजे मान वळविताच शिव, विष्णू आणि शिवशक्तीचे जोडपे अशा तिघांचेही दर्शन होते. ज्या शतकांत शैव-वैष्णवांचे वाद ग्रंथोग्रंथी चालू होते त्या शतकांत एका छपराखाली हा संसार मांडणारा यजमान कोण असेल तो असो, तो एकत्र कुटुंबात वाढलेला असला पाहिजे.

बाहेरच्या भिंतींवर येथेही सुरसुंदरी आहेत. आमची मुले मोबाइलवर छायाचित्रे घेत प्रदक्षिणा करू लागली, तेव्हा चिरंजीव एका कोनापाशी थबकले. ताऱ्याचा हा आकार काढतात कसा, हे त्यांनी आम्हांस जमिनीवर काडीने रेखून दाखविले. एक चौरस घ्यावा. त्याचा मध्य न हलविता तो थोडा फिरवून पुन्हा रेखावा. पुन्हा थोडा फिरवावा. बाहेर डोकावणारे कोपरे तेवढे ठेवावेत, की झाला तारा. दोरी आणि खुंटी यांपलीकडे साधन लागत नाही. आणि अशी कोनांची भिंत सपाट भिंतीपेक्षा कणखर असते, जसा घडी घातलेला कागद उभा राहतो आणि सपाट कागद आडवा होतो.

मंडळी आत गेली. आक्का नेहमीप्रमाणे दाराबाहेर, सावलीत, एका दगडावर टेकल्या. आत एक पोक्त बाई खराट्याने मंडप झाडीत होत्या. गुरव पूजेच्या तयारीत होते. आम्ही वर पाहत होतो आणि चिरंजीव आक्कांस ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होते. ते मुद्दाम तसे बोलत होते, हे आमच्या नंतर ध्यानात आले.

ते म्हणाले, फ्रान्सातल्या कारागिराने कमान घेतली. कमानीने मोठा गाळा झाकता येतो, पण कमान दोन्ही बाजूंच्या भिंती सारखी बाहेर ढकलीत असते. म्हणून त्यांना भिंती जाड कराव्या लागल्या आणि पुढे बाहेरून आधाराचे धिरे द्यावे लागले. आपल्या कारागिराचा कमानीवर विश्वास नव्हता. त्याने खांब आणि तुळई यांवरच सारे निभावले. खांबाचा भार सरळ खाली जातो, बाजूस ढकलीत नाही. खांबाच्या माथ्यास कुसू, वरच्या दगडास खाच. त्यात तो बसला की सरकत नाही. छत झाकावयाचे तर चार तुळयांच्या चौकोनाच्या कोपऱ्यांवर तिरपे दगड ठेवावयाचे, की आत लहान चौकोन राहतो. त्यावर पुन्हा तिरपे, आणखी लहान चौकोन. शेवटी एक शिळा उरते ती मधोमध, तिच्यावर कमळ. प्रत्येक थर खालच्याला आपल्या वजनाने दाबून धरतो. चुना नाही, माती नाही.

"मग आमची घरे?" बाहेरून आक्कांचा आवाज आला. "तीही दगडाचीच होती."

सर्वजण गप्प झाले. चिरंजीव बाहेर जाऊन त्यांच्यापाशी पायरीवर बसले. ते जे म्हणाले ते आम्ही आमच्या शब्दांत देतो. किल्लारीकडच्या घरांच्या भिंती दोन-अडीच हात जाड. पण ती एक भिंत नसे. बाहेरून गोट्यांचा एक थर, आतून एक, मधे माती आणि कपच्यांची भर. दोन्ही थरांना शिवणारा आरपार दगड क्वचितच घातलेला. वर धाब्याच्या मातीचे ओझे. दरसाल पावसाळ्यापूर्वी गळतीसाठी आणखी एक पाटी माती, अशा पन्नास वर्षांच्या पाट्या. जमीन हलली तेव्हा दोन थर एकमेकांपासून सुटले आणि भर मोकळी झाली. पुष्कळ घरांतले लाकडी खण तसेच उभे राहिले आणि भिंती मात्र माणसांवर आल्या. म्हणून भूकंपानंतर उरलेल्या घरांना बळकटी देताना भिंतीस भोके पाडून आरपार दगड किंवा काँक्रीटचे दुवे बसवावेत, असे जाणकारांनी सांगितले. देऊळ अजिंक्य आहे असे मी म्हणत नाही, असेही ते म्हणाले. या प्रांतातल्या पुष्कळ देवळांची मूळ शिखरे उरलेली नाहीत, सबंध मंदिरेही कोसळली आहेत. परंतु हे ठेंगणे आहे, याचा पाया रुंद आहे, दगड घडीव आहेत आणि सांधे थोडेसे हलून पुन्हा बसू शकतात. किल्लारी येथून लांब नाही, तरी हे त्या पहाटेनंतरही उभे आहे.

आक्कांनी विचारले, "एवढा एक दगड आडवा घालावयास किती खर्च आला असता?"

"काही नाही," चिरंजीव म्हणाले. "लांब दगड निवडून बाजूला ठेवावयाचा, एवढेच."

त्या बऱ्याच वेळ काही बोलल्या नाहीत. आत गुरवांनी घंटा वाजविली. मग आक्का उठल्या, आमच्या धाकट्या सूनबाईंचा हात धरला आणि उंबऱ्याला हात लावून आत आल्या. प्रथम खांबापाशी थांबल्या, त्यावर तळहात ठेवला, वर पाहिले. नंतर हरगौरीच्या गाभाऱ्यासमोर बसल्या. "मामा," त्या गुरवांस म्हणाल्या, "तीन वाती लावायच्या आहेत. तेल मी आणले आहे." पिशवीतून त्यांनी तेलाची लहान बाटली काढली, तेव्हा त्या घरूनच काही ठरवून आल्या होत्या हे आम्हांस कळले. वाती जळून संपेपर्यंत आम्ही सारे तेथेच बसून राहिलो.

परतीच्या वाटेवर औशाच्या अलीकडे खरोसा लागले. जांभ्याच्या टेकडीत खोदलेली ही लेणी साधारण सहाव्या शतकातली. जेम्स बर्जेस याने 1878 साली छापलेल्या आपल्या अहवालात त्यांचे वर्णन केले आहे. जांभा मऊ, सच्छिद्र. त्यामुळे मूर्तींचे चेहरे पुसट झाले आहेत आणि अंगे तेवढी ओळखू येतात. निलंग्याचा काळा दगड पाहून आल्यावर या लेण्यांत मन फारसे रमले नाही, हा आमचा दोष. दिवसही मावळत होता. लातुरात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. ज्या राष्ट्रकूटांनी वेरूळचे कैलास कोरविले ते स्वतःला लट्टलूर या श्रेष्ठ नगराचे अधिपती म्हणवीत. ते लट्टलूर म्हणजे हेच गाव, असे इतिहासकार सांगतात. आज तेथे डाळीच्या गिरण्या आणि विद्यार्थ्यांच्या शिकवण्या यांची गर्दी आहे.

मुक्कामी जेवणे झाल्यावर आक्कांनी चिरंजीवांकडून ती बर्गंडीतली छायाचित्रे पुन्हा मागून घेतली आणि चष्मा लावून एकेक पाहिले. "या देवळाची झाडलोट कोण करते?" त्यांनी विचारले.

1905 च्या कायद्यापासून तिकडची जुनी चर्चे गावाच्या मालकीची झाली आणि छपराची डागडुजी गावाची नगरसभा करते, एवढे चिरंजीवांस ठाऊक होते. झाडलोटीचे त्यांनी कधी विचारले नव्हते. तेथल्या आपल्या मित्रास पत्र लिहून विचारतो, असे ते म्हणाले. खोलीला वर काँक्रीटचे छत होते. आक्कांनी अंथरूण गच्चीवर घालावयास सांगितले, कारण आत उकडत होते.